छडीला सुट्टी, शिस्तीला बढती!

मुलं मस्ती करणारच! पण दोन वर्षांच्या पिल्लानं भिंत रंगवली आणि बारा वर्षांच्या चिरंजीवांनी प्रगतिपुस्तक लपवलं, तर दोघांना एकच शिक्षा कशी चालेल? तापाच्या औषधाचा डोसही वय बघूनच देतात ना? शिस्तीचंही तसंच. चला, सुमेरच्या मातीच्या पाटीपासून थेट बॅटमॅनपर्यंत एक झक्कास फेरफटका मारू या. रेडी?

छडीचं वय किती?

माहीत आहे का, शाळेत मार खाल्ल्याची तक्रार जवळजवळ चार हजार वर्षं जुनी आहे? प्राचीन सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मातीच्या पाट्यांवर एका विद्यार्थ्याचा शाळेतला दिवस कोरलेला सापडला. वर्गात बोलला, छडी. न विचारता उठला, छडी. अक्षर बिघडलं, पुन्हा छडी! शेवटी पठ्ठ्या वडिलांना म्हणतो, गुरुजींना घरी बोलवा. मग काय, जेवणावळ, नवे कपडे, बोटात अंगठी, आणि गुरुजींच्या तोंडून शिष्याची तारीफच तारीफ!

विरोधी पक्षही जुनाच!

छडीला पहिला विरोध आधुनिक आईबाबांनी केला असं वाटतंय? चूक! रोममधला नामवंत शिक्षक क्विंटिलियन यानं पहिल्या शतकातच लिहून ठेवलं की मुलांना मारू नये. मारानं मूल कोडगं होतं आणि शिक्षकानं आपलं काम नीट केलं तर माराची गरजच पडत नाही, असं त्याचं रोखठोक म्हणणं. दोन हजार वर्षं झाली, मुद्दा अजून ताजा!

आपल्याकडचा एज-चार्ट

चाणक्याच्या नावावर एक श्लोक सांगितला जातो. पाच वर्षांपर्यंत लाड करा, पुढची दहा वर्षं ताडन करा आणि सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागा. वयानुसार शिस्तीचा आपल्याकडचा हा सगळ्यात फेमस फॉर्म्युला! पहिली पायरी पास, तिसरी पायरी तर फर्स्ट क्लास. मधली मात्र सपशेल नापास.

नापास का? २०१६ मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकन संशोधकांनी पन्नास वर्षांतला अभ्यास एकत्र केला. १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती! निष्कर्ष काय? जिथे फटके जास्त, तिथे उद्धटपणा आणि आक्रमकपणाही जास्त. म्हणजे ज्यासाठी मारायचं, तेच वाढायचं.

पहिलं वर्ष: शिक्षा सक्त मना!

बाळ चमचा खाली टाकतं. तुम्ही उचलून देता. ते पुन्हा टाकतं आणि तुमच्या तोंडाकडे बघून खुदकन हसतं. खोडी? छे! चमचा पडला की आवाज होतो आणि आई वाकते, हा शोध त्याला नुकताच लागलाय. प्रयोग सुरू आहे! या वयात ओरडणं, चापट, धाक सगळं फुकट. वस्तू उचलून बाजूला ठेवा, हातात दुसरं काहीतरी द्या. काम फत्ते.

सगळ्यात 'मारकुटं' वय कोणतं?

कॉलेजातले टगे? नाही. दहावीतली पोरं? तीही नाही! कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ढकलणं, चावणं, बोचकारणं, फटके देणं याचा कळस साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान असतो, असं त्यांना आढळलं. पुढे बोलता येऊ लागतं, थांबता येऊ लागतं आणि बहुतेक मुलं निवळतात. तेव्हा बालवाडीतून 'चावला हो!' अशी तक्रार आली तर घाबरू नका. मूल गुंड होणार नाहीये, ते शिकतंय.

थयथयाटाचं रेकॉर्डिंग!

माहीत आहे का, शास्त्रज्ञांनी पोरांचा थयथयाट चक्क टेप केलाय? मायकल पोटेगल आणि जेम्स ग्रीन यांनी लहानग्यांच्या अंगातल्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन बसवले आणि घरोघरचे टँट्रम रेकॉर्ड केले. २०११ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात कळलं की किंचाळणं आणि ओरडणं एका गटात येतं, रडणं आणि कुरकुर दुसऱ्या गटात. पहिला गट रागाचा, दुसरा दुःखाचा. आणि दोन्ही एकाच वेळी चालू!

मग करायचं काय? रागाचा कळस ओसरू द्यायचा. भर रागात 'काय झालं? का रडतोस? हे हवं की ते हवं?' अशी प्रश्नपत्रिका काढली की टँट्रम लांबतो. राग सरला की उरतं ते नुसतं दुःख, आणि मूल स्वतःच कुशीत शिरतं.

लाइव्ह फ्रॉम बिलिंग काउंटर

सुपरमार्केटचा बिलिंग काउंटर. ट्रॉलीच्या उंचीवर नेमकी चॉकलेटं मांडलेली. अडीच वर्षांची छकुली आधी बोट दाखवते, मग ओठ काढते, मग थेट फरशीवर! पाय आपटणं सुरू. मागे रांग. कोणीतरी काकू म्हणतात, 'द्या हो एक, कशाला रडवता?' इथेच खरी परीक्षा! आई खाली बसते, छकुलीच्या उंचीला येते, हळू आवाजात एकदाच म्हणते, 'चॉकलेट हवंय ना तुला? आज नाही घ्यायचं.' आणि गप्प बसते. धमकी नाही, लाच नाही, भाषण नाही. दोनतीन मिनिटांत आवाज उतरतो, हुंदके येतात, हात गळ्यात पडतात. काकूंचं ऐकून चॉकलेट दिलं असतं, तर पुढच्या रविवारी छकुलीनं ट्रॉलीत बसल्या बसल्याच शो सुरू केला असता!

टाइम-आउट: किती टाइम, किती आउट?

टाइम-आउटचं तंत्र लोकप्रिय केलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टाट्स यांनी, १९६० च्या दशकात. पहिला प्रयोग कोणावर? स्वतःच्याच चिमुकल्या लेकीवर! बालरोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब एकदम सोपा आहे: वयाचं एक वर्ष, तर एक मिनिट. तिसऱ्या वर्षी तीन, पाचव्या वर्षी पाच. बस्स! अंधाऱ्या खोलीत कोंडणं म्हणजे टाइम-आउट नव्हे. खेळातून थोडा ब्रेक, रागाला थोडी हवा, आणि मग पुन्हा एंट्री.

तसा आपल्याकडचा टाइम-आउट फारच जुना. लोणी चोरणाऱ्या कान्हाला यशोदेनं उखळाला बांधलं. पण पठ्ठ्यानं उखळासकट रांगत दोन झाडंच पाडली! चळवळ्या मुलाला एका जागी बांधून ठेवणं हा उपाय गोकुळातही चालला नाही.

बागुलबुवा इंटरनॅशनल

'झोप, नाहीतर बुवा येईल!' हे फक्त आपणच म्हणतो का? मुळीच नाही. जपानच्या ओगा भागात वर्षाच्या शेवटच्या रात्री नामाहागे नावाचे राक्षसी मुखवटे घातलेले लोक घरोघरी जाऊन आळशी आणि रडक्या मुलांची चौकशी करतात. ही परंपरा २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली! ऑस्ट्रियात डिसेंबरात शिंगवाला क्रॅम्पस फिरतो. कॅनडातल्या इन्युइट लोककथांत पाण्यात राहणारी कालुपालिक असते. बर्फाच्या कडेशी गेलेल्या मुलांना ती आपल्या झोळीत घालून नेते म्हणे.

पण थांबा! तीनचार वर्षांच्या मुलाला खरं आणि काल्पनिक यातली रेघ अजून पक्की दिसत नसते. तुमचा बुवा दोन मिनिटांत विसरला जातो, त्याचा बुवा मात्र रात्रभर पलंगाखाली असतो. गोष्टीतला बुवा मजेचा, धमकीतला बुवा बाद!

खोटं बोललं? अभिनंदन!

काय? हो! टोरांटो विद्यापीठाचे कँग ली मुलांना म्हणतात, 'मागं वळून खेळणं बघू नकोस', आणि खोलीबाहेर जातात. बहुतेक पोरं बघतातच! मग विचारलं, 'बघितलंस का?' तर दोन वर्षांच्यांत साधारण तीस टक्के खोटं बोलतात, तीन वर्षांच्यांत निम्मे, आणि चार वर्षांच्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त. कारण खोटं बोलायला डोकं लागतं. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे ओळखावं लागतं. ते ज्या वयात जमू लागतं, त्याच वयात थापाही जमतात!

आता खरी गंमत ऐका. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी केली. एका शाळेत कडक मार, दुसरीत नाही. जास्त खोटं कुठे? माराच्या शाळेत! आणि थापही जास्त सफाईदार. छडीनं सत्यवादी नाही, पट्टीचे थापाडे तयार झाले.

मग खरं बोलायला कसं शिकवायचं? लीच्या चमूनं तेही तपासलं. खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकियोची गोष्ट, 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आणि चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनची गोष्ट. पहिल्या दोन गोष्टींत खोट्याची शिक्षा, तिसरीत खऱ्याचं कौतुक. फरक फक्त तिसरीनं पाडला!

हा कप कोणाचा?

कोण जास्त खोडकर? चुकून १५ कप फोडणारा मुलगा, की चोरून जॅम काढताना १ कप फोडणारा? स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हा प्रश्न मुलांना विचारला आणि १९३२ च्या पुस्तकात उत्तरं मांडली. साधारण सातच्या आतली मुलं बरेचदा म्हणाली, १५ वाला! नुकसान मोठं, म्हणून गुन्हा मोठा. 'मुद्दाम' आणि 'चुकून' यांतला फरक नंतर कळू लागतो.

मग घरात काय करायचं? पाच वर्षांच्या मुलाकडून दूध सांडलं, तर हातात फडकं द्या आणि सोबत पुसा. नऊ वर्षांच्यानं सांडलं तर फडकं कुठे आहे ते त्याला माहीत आहे. फडकं तेच, जबाबदारी वयानुसार!

बॅटमॅन येतोय मदतीला!

चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं, आणि शेजारी आयपॅडवरचा गेम. काही मुलांना सांगितलं, तू आता बॅटमॅन आहेस. केप घाल आणि स्वतःला विचार, बॅटमॅन मेहनत करतोय का? २०१७ मध्ये छापलेल्या या अभ्यासात सगळ्यात जास्त टिकले ते 'बॅटमॅन'च! तेव्हा खेळणी आवरायला 'आवर म्हटलं ना!' असं दहादा ओरडण्यापेक्षा एकदा विचारून बघा, 'छोटा भीमनं कशी आवरली असती?'

मार्शमॅलोत 'मार' नाही!

स्टॅनफर्डचा मार्शमॅलो प्रयोग आठवतोय? आत्ता एक खा, किंवा थांबून दोन मिळव. पण २०१३ मध्ये सेलेस्ट किड यांनी त्यात भन्नाट ट्विस्ट आणला. आधी मुलांना 'छान रंग आणून देते' असं वचन दिलं. काहींच्या बाबतीत ते पाळलं, काहींच्या बाबतीत मोडलं. मग आली मार्शमॅलो. वचन पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, वचन मोडलेल्या गटातली फक्त तीन! मुलांचा संयम तुमच्या शब्दावर उभा असतो. 'संध्याकाळी बागेत नेतो' म्हणालात? न्या मग!

स्टार दिला, इंटरेस्ट गेला

बक्षिसाचा डोसही जपूनच. १९७३ मध्ये आवडीनं चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी स्टारचं सर्टिफिकेट मिळेल. मिळालं! पण दोनेक आठवड्यांनी तेच रंग समोर ठेवल्यावर या मुलांनी चित्रांना बाकीच्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास वेळ दिला. जे मूल आवडीनं करतंय, त्यावर बक्षीस लावू नका. 'वा, आकाश जांभळं केलंस!' एवढं पुरतं.

दंड भरा, बिनधास्त व्हा

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत. काही पाळणाघरांनी दंड लावला, १० शेकेल. उशीर कमी झाला? अहो, जवळजवळ दुप्पट झाला! पालकांना वाटलं, पैसे भरलेत ना, मग लाज कसली? दंड काढून टाकला तरी जुनी वेळ परत आली नाही. घरात 'शिवी दिलीस तर दहा रुपये' असं दरपत्रक लावण्याआधी हैफा आठवा!

सगळा वर्ग उभा राहा!

टरफलं एकानं टाकायची आणि छडी सगळ्यांनी खायची? लोकमान्य टिळकांची ती शेंगांची गोष्ट मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. पण हे माहीत आहे का, १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं ३३ वं कलम युद्धकाळातही नागरिकांना सामूहिक शिक्षा करायला बंदी घालतं? रणांगणात जे चालत नाही, ते पाचवी 'ब'मध्ये कसं चालेल? सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना न्याय-अन्याय पक्का कळू लागतो. एक अन्यायी शिक्षा आणि तुमचा नियम कायमचा आउट!

कायद्यालाही वय कळतं

भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे बघितलं जातं. कायदा जर वयाच्या पायऱ्या मोजतो, तर आपण का नाही?

तुरुंगात जायला रांग!

जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता. १७७८ ते १९१४! रात्री दंगा केला, दारू पिऊन गोंधळ घातला, तर विद्यार्थी थेट आत. पण झालं भलतंच. आत जाऊन भिंतीवर नाव आणि चित्र रंगवणं ही इज्जतीची गोष्ट ठरली! आज पर्यटक त्याच भिंती बघायला जातात. टीनएजर्सना सर्वांसमोर हिरो करणारी शिक्षा ही शिक्षाच नव्हे.

मित्र बघतायत, मग स्पीड वाढव!

२००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक ड्रायव्हिंग गेम खेळायला दिला. मित्र बाजूला असले की १३ ते १६ वयाच्या पोरांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांवर मित्रांचा असा परिणाम झाला नाही. मेंदूचा 'थांब, विचार कर' म्हणणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो. म्हणून किशोरांना बोलायचं तर एकट्यात बोला. मित्रांसमोर सुनावलं, की मुद्दा मेला आणि ईगो जागा झाला!

आणि आवाज? खालीच ठेवा! ९७६ कुटुंबांच्या एका अमेरिकन अभ्यासात तेरा वर्षांच्या मुलांवर आरडाओरडा, शिव्याशाप आणि अपमान झाला, तिथे वर्षभरात बेशिस्त आणि उदासी दोन्ही वाढली. इतर वेळी भरपूर माया असूनही!

दुधाबरोबर कायदा घरपोच!

मुलांना घरातही मारायला बंदी घालणारा पहिला देश? स्वीडन, १९७९! कायदा घरोघरी कसा पोचवला? दुधाच्या खोक्यांवर छापून! नाश्त्याच्या टेबलावर दूध, आणि दुधावर 'मारू नका'. आज असे साठहून अधिक देश आहेत. दक्षिण आशियात पहिला नंबर नेपाळचा, २०१८ मध्ये.

स्वीडनच्या कायद्याआधी एकच वर्ष, फ्रँकफर्टमध्ये पुरस्कार घेताना स्वीडनच्या लाडक्या बाललेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी एक गोष्ट सांगितली होती. आई मुलाला म्हणते, जा, मारायला काठी शोधून आण. मुलगा रडत परत येतो. काठी मिळाली नाही, पण हा दगड आणलाय, तो मार. आईला एकदम कळतं, मुलाला काय वाटलं असेल ते. ती त्याला जवळ घेते आणि तो दगड घरात समोर ठेवते, स्वतःला आठवण राहावी म्हणून.

भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कोंबडा, अंगठे धरणं, बाकावर उभं राहणं, सगळं हद्दपार! उलट अमेरिकेत न्यू जर्सीनं १८६७ मध्येच शाळेतला मार बंद केला, पण काही राज्यांत तो आजही कायदेशीर आहे.

रूळ उगारला आणि हात थरथरला

गांधीजींनी कधी विद्यार्थ्याला मारलं होतं का? हो, एकदा! दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर एका दांडगट मुलाच्या दंडावर त्यांनी रूळ मारला. मारताना स्वतःच थरथरले. त्याचा पश्चात्ताप आत्मकथेत लिहिला, आणि पुन्हा कधी कोणा मुलावर हात उगारला नाही.

मिशीवाली आई आणि कुरणातली शाळा

वकिली सोडून भावनगरात बालमंदिर उघडणाऱ्या गिजुभाई बधेकांना लोक प्रेमानं 'मिशीवाली आई' म्हणत. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला आल्या. तिथली आदिवासी मुलं शाळेला दांडी मारत. का? गुरं राखायला जायचं असे! ताराबाई आणि अनुताई वाघांनी काय केलं? शाळाच कुरणात नेली! दांडीचा प्रश्न मुलांच्या वागण्यात नव्हता, शाळेच्या जागेत होता.

फटाफट चार्ट, फ्रीजवर लावा!

पहिलं वर्ष: वस्तू हटवा, लक्ष वळवा.
एक ते तीन: एकच छोटं वाक्य, एकच 'नाही', आणि मिठी तयार.
तीन ते सहा: छोटा टाइम-आउट, मोठं कौतुक, भरपूर गोष्टी.
सहा ते बारा: नियम आधी सांगा, कारण सांगा, नुकसान भरून काढायला लावा.
बारानंतर: नियम मिळून ठरवा, एकट्यात बोला, आवाज खाली.
आणि सगळ्याच वयांत: हात उचलायचा तो फक्त टाळी द्यायला!

आज जेवताना घरातला एकच नियम निवडा. मुलांच्या वयाला तो झेपतो का, ते बघा. झेपत नसेल तर मूल बदलायला निघू नका, नियम बदला. आणि एकदा ठरवलेला नियम तुम्हीही पाळा. पोरं बघतायत!